लायनेल २०३७: सत्तरीच्या घरातली झुकझुक गाडी आज विकत घ्यावी का?

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, गराज सेलमध्ये आणि पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी दर एप्रिल-ऑक्टोबरला भरणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या मेळाव्यात एक काळं इंजिन हमखास दिसतं: लायनेल या अमेरिकन कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांपैकी २०३७ नंबरचं. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे चार छोटी. सोबत ६०२६डब्ल्यू नावाचा शिट्टीचा टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा), चार-पाच वाघिणी, लाल रंगाचा गार्डाचा डबा आणि १०३३ नंबरचा ९० वॉटचा ट्रान्सफॉर्मर. खोक्यासकट असेल तर भाव चढतो, पण चालवण्यासाठी खोक्याचा काही उपयोग नसतो. हे परीक्षण चालवणाऱ्यांसाठी आहे, काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांसाठी नाही.

निकाल आधीच सांगतो. इंजिन उत्तम, शिट्टी अप्रतिम, धूर ठीक, रूळ सामान्य, आणि ट्रान्सफॉर्मरची वायर न तपासता प्लग लावला तर धोकादायक. या संचाचे गुण आणि दोष दोन्ही एकाच माणसाच्या कामाच्या पद्धतीतून आले आहेत. तो माणूस कसा विचार करायचा हे कळलं, की यंत्र उघडताना कुठे काय असेल याचा अंदाज येतो.

जोशुआ लायनेल कोवेन १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. कॉलेज अर्धवट सोडून तो विजेच्या सामानाच्या धंद्यात शिरला. १८९९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं ते छायाचित्रकारांच्या फ्लॅशची पूड पेटवण्याच्या साधनासाठी. त्याच जोरावर अमेरिकन नौदलाकडून सुरुंगांच्या २४,००० फ्यूजचं कंत्राट आलं. १९०० मध्ये हॅरी ग्रँट या भागीदाराबरोबर त्याने कंपनी काढली. हाताशी एक लहान बॅटरीवरचा पंखा होता, पण तो काही खपत नव्हता. त्या पंख्याची मोटर त्याने लाकडी उघड्या वाघिणीच्या तळाला बसवली आणि गोल रुळावर सोडली. ‘इलेक्ट्रिक एक्स्प्रेस’ हे तिचं नाव. इंजिन नव्हतंच, नुसती वाघीण. ही वस्तू दुकानाच्या काचेत माल मांडून फिरवण्यासाठी होती, गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला. झालं असं की लोक आतला माल सोडून वाघीणच मागू लागले. खेळण्याचा धंदा असा सुरू झाला.

कोवेनची पुढची सगळी कारकीर्द या एका प्रसंगात दिसते. तो शोध लावण्यापेक्षा ‘लोक कशापाशी थांबतात’ हे ओळखण्यात जास्त हुशार होता. कारखाना मारिओ करूसो सांभाळायचा, विजेची अवघड कामं जोसेफ बोनॅनोसारखे अभियंते करायचे, आणि दुधाचे कॅन बाहेर ढकलणारा १९४७ चा प्रसिद्ध डबा तर रिचर्ड स्मिथ नावाच्या बाहेरच्या संशोधकाची कल्पना. कोवेनचा स्वतःचा आग्रह दोन गोष्टींचा: मुलाने बटण दाबलं की काहीतरी घडलं पाहिजे, आणि बिघडलं तर ते गावातल्या दुरुस्तीवाल्याला खोलता आलं पाहिजे. कंपनीने देशभर अधिकृत दुरुस्ती केंद्रं नेमली, प्रत्येक स्क्रूला नंबर दिला आणि दुरुस्तीच्या पुस्तिका काढल्या. त्या पुस्तिकांच्या आणि सुट्या भागांच्या नकला आजही मिळतात. सत्तर वर्षांनंतर २०३७ चालतं त्याचं खरं कारण हेच.

आता यंत्राकडे. इंजिनाचं कवच ओतीव जस्ताचं, त्यामुळे हातात घेतल्यावर वजन जाणवतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांमध्ये जस्तात शिसं मिसळलं गेल्याने चाकं फुगतात, भेगाळतात, बोटाने दाबली तरी तुकडे पडतात. त्यावर इलाज नाही. युद्धानंतरच्या मालात हा रोग सहसा नाही. म्हणूनच पहिली जुनी गाडी घेणाऱ्याने युद्धपूर्व मालाच्या मोहात पडू नये.

विकत घेताना इंजिन उलटं करून आधी चाकं हाताने फिरवून पाहा. अडखळत, पण फिरली पाहिजेत. मग चाकांना एक खिळा लावून पाहा. २०३७ मध्ये ‘मॅग्नेट्रॅक्शन’ आहे: आतल्या अल्निको चुंबकामुळे चाकं पोलादी रुळाला धरून राहतात, रबराची धाव लागत नाही. ही युक्ती १९४९-५० मध्ये आली आणि कोरियन युद्धामुळे चुंबकाचा धातू मिळेना म्हणून १९५२ च्या इंजिनांतून काढावी लागली. खिळा चिकटलाच नाही तर बहुधा कोणीतरी चाकं काढून चुंबक कमजोर करून ठेवला आहे. असं इंजिन चढावर घसरेल. पुढे, तीन रुळांपैकी मधल्यावरून वीज उचलणाऱ्या दोन रोलरना पाहा. मधोमध खाच पडली असेल तर रोलर बदलावे लागतील, स्वस्त काम आहे. दिवा गेला असेल तर घासाघीस करायला चांगलं निमित्त, बाकी बल्ब दोन मिनिटांत बदलतो.

मोटर युनिव्हर्सल जातीची आहे, म्हणजे एसी-डीसी दोन्हीवर चालते. मिक्सरमध्ये असते तीच जात. घरी आणल्यावर लगेच चालवू नका. इंजिन उघडून ब्रशची पट्टी सोडवा. दोन कार्बन ब्रश आणि दोन बारीक स्प्रिंगा उडून हरवतात, म्हणून खाली पांढरं कापड पसरा. कॉम्युटेटरचे, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या फिरत्या भागाचे, तीन तांब्याचे तुकडे बहुतेक काळे झालेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने ते तांबूस दिसेपर्यंत पुसा, आणि तुकड्यांमधल्या तीन फटी दात कोरायच्या लाकडी काडीने साफ करा. त्या फटींत कार्बनची भुकटी आणि तेल साचलं की तुकडे आपसांत जोडले जातात, मोटर गरम होते आणि गाडी रेंगाळते. निम्म्या ‘मेलेल्या’ मोटरी एवढ्यानेच जिवंत होतात. ब्रश झिजून स्प्रिंगेच्या तोंडाशी आले असतील तर जोडीनेच बदला.

तेलाचं प्रमाण हा सर्वांत जास्त चुकणारा मुद्दा. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) दोन्ही टोकांना एकेक थेंब, प्रत्येक आसाच्या टोकाला एकेक थेंब, जोडदांड्याच्या सांध्यांना काडीच्या टोकाने नुसता स्पर्श. दातेरी चाकांना ग्रीस, तेही वाटाण्याएवढं पुष्कळ. ब्रशजवळ तेल गेलं की पुन्हा पहिल्यापासून सफाई. फवारून मारायचं गंज सोडवणारं तेल तर इथे वापरूच नका, ते उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं.

आता ई-युनिट. गाडी पुढे-मागे करण्यासाठी रिमोट वगैरे काही न वापरता जी सोय केलेली आहे ती आजही पाहण्यासारखी आहे. वीज तोडून पुन्हा दिली की आतली कॉइल एक दांडा वर ओढते, दांडा एक लहानसा दातेरी दंडगोल एक घर पुढे सरकवतो, आणि त्यावर टेकलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांची जोडणी बदलते. क्रम ठरलेला: पुढे, थांबा, मागे, थांबा. बॉयलरच्या डोक्यावरच्या फटीतून बाहेर आलेली कडी सरकवली की हा क्रम बंद होतो आणि गाडी आहे त्याच स्थितीत राहते. ‘इंजिन नुसतं गुणगुणतं, हलत नाही’ म्हणून स्वस्तात विकलेली इंजिनं बऱ्याचदा नुसती ‘थांबा’ वर अडकलेली असतात. तेवढी कडी सरकवून, वीज दोन-तीनदा तोडून-देऊन पाहिल्याशिवाय इंजिन बिघडलंय असं मानू नका. खरंच अडकलं असेल तर दंडगोलावरचा काळा थर अल्कोहोलने पुसावा. पट्ट्या झिजून भोक पडलं असेल तर त्या बदलाव्या लागतात आणि ते काम नवख्याचं नाही, चार-पाच बारीक डाग (सोल्डरचे सांधे) सोडवून पुन्हा द्यावे लागतात. हलकासा गुणगुणाट मात्र जन्मजात आहे, त्यावर पैसे खर्च करू नका.

धुराची सोय कंपनीने १९४६ मध्ये आणली. पहिल्या वर्षी दिव्याच्या उष्णतेवर, १९४७ पासून तापणाऱ्या तारेवर. २०३७ मध्ये तारेचं युनिट आहे आणि चाकांना जोडलेली एक पिस्टन धूर ढकलते, त्यामुळे गाडी पळेल तसा धूर झुक-झुक करत येतो. मूळ इंधन म्हणजे पांढरी गोळी, चिमणीत टाकायची. त्या गोळ्या अजून सापडतात, पण बहुतेक लोक आता द्रवच वापरतात. इथे सावध. गोळीसाठी बनवलेल्या युनिटमध्ये तसाच द्रव ओतला तर तो खाली गळून मोटरवर जातो. आधी युनिट उघडून जुनी, वितळून दगड झालेली गोळी काढावी लागते आणि तारेभोवती काचतंतूची वात भरावी लागते. मग पाच-सहा थेंब पुरतात. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं खरवडू नका, ओलं करूनच उचला. कोरड्या युनिटवर तासन्‌तास गाडी पळवली तर तार जळते. धूर नको असेल तर तिची वायर सोडवून टोकाला टेप लावून ठेवावी.

शिट्टी ही या संचातली सर्वांत चांगली गोष्ट. ध्वनिमुद्रण नाही, स्पीकर नाही. टेंडरमध्ये एक स्वतंत्र मोटर आहे, ती एक पंखा फिरवते आणि हवा दोन कप्प्यांच्या पोकळीत घुसून खऱ्या वाफेच्या भोंग्यासारखा दुहेरी स्वर निघतो. १९३५ मध्ये ही शिट्टी आली, तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हातातून नुकतीच सुटली होती. खरी गंमत आदेश पोहोचवण्यात आहे. रुळांत एसी वीज वाहते. ट्रान्सफॉर्मरची कडी दाबली की एसीत थोडी डीसी मिसळली जाते. टेंडरमधला रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) असा बनवला आहे की एसीला तो हलत नाही आणि डीसी लागताच ओढला जातो. शिवाय शिट्टीची मोटर जोडली गेल्यावर गाडी मंदावू नये म्हणून ट्रान्सफॉर्मर त्याच क्षणी सुमारे ५ व्होल्ट वाढवतो. आज हे चिपने चुटकीसरशी होईल. त्या काळात तांब्याचं एक वेटोळं आणि एसीतून डीसी काढणारी एक धातूची चकती यांवर भागवलं आहे.

शिट्टी वाजत नसेल तर दोष टेंडरचा की ट्रान्सफॉर्मरचा हे आधी ठरवा. टेंडरच्या रोलरला आणि चाकाला १२ व्होल्ट डीसी द्या. वाजली, तर टेंडर ठीक आणि १०३३ मधली चकती गेलेली. तिच्या जागी १० अँपिअरच्या आसपासचा डायोड धातूच्या पट्टीवर बसवतात, दिशा कोणतीही चालते. टेंडर वाजलाच नाही तर रिलेच्या दोन बिंदूंमधून अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी ओढा, नंतर मोटरचे ब्रश पाहा. घशात खरखर असल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंगला एक थेंब तेल. तरी फरक पडला नाही तर पोकळीच्या प्लास्टिकला चीर गेली आहे.

ट्रान्सफॉर्मरबद्दल कडक शब्दांत. १०३३ चांगला आहे, पण ९० वॉट हा आत घेतल्या जाणाऱ्या शक्तीचा आकडा आहे, रुळांपर्यंत त्याहून बरीच कमी पोहोचते. ‘ए’ आणि ‘यू’ या बिंदूंवर ५ ते १६ व्होल्ट मिळतात, ‘बी’ आणि ‘यू’ वर ० ते ११. धूर आणि शिट्टी हवी तर ‘ए-यू’ जोडा. अट एवढीच की वेगाची कडी शून्यावर नेली तरी रुळांत ५ व्होल्ट राहतात. खेळ संपला की प्लग काढायचाच. विकत घेण्यापूर्वी भिंतीकडे जाणारी वायर हातात घेऊन, प्लग न लावता, वाकवून पाहा. आवरण कडक होऊन तडकलेलं असेल, आणि बहुधा असतंच, तर वायर बदलल्याशिवाय प्लग लावू नका. आतला संरक्षक स्विच उष्णतेवर चालतो आणि गाडी घसरून रूळ शॉर्ट झाल्यावर कित्येक सेकंद घेतो. रुळाकडच्या एका तारेत ५ अँपिअरचा जलद फ्यूज टाका.

तीन रुळांवर प्रामाणिक नाराजी नोंदवायला हवी. कोवेनने १९०६ मध्ये तीन रुळांची पद्धत आणली आणि तिला बिनदिक्कत ‘स्टँडर्ड गेज’ म्हटलं. मधल्या रुळातून वीज येते, बाहेरच्या दोनांतून परत जाते. त्यामुळे गाडीचा रस्ता वळून स्वतःलाच मिळाला तरी शॉर्ट होत नाही, मुलं हवा तसा मार्ग मांडू शकतात. पण दिसायला? ए. सी. गिल्बर्टच्या ‘अमेरिकन फ्लायर’ने १९४६ मध्ये दोन रुळांची गाडी आणली आणि ती शेजारी ठेवली की लायनेलचे रूळ खेळण्यातलेच दिसतात. २०३७ सोबत येणारे ओ-२७ जातीचे रूळ आणखी हलके. आठ वाकडे तुकडे जोडले की सत्तावीस इंच व्यासाचं वर्तुळ होतं. दोन्ही बाजूंना चार-चार सरळ तुकडे घातले तर लंबगोल साडेपाच फुटांच्या आत बसतो.

गाडी एका जागी वेगात आणि पलीकडे मंद, ही तक्रार जवळपास नेहमी रुळांच्या पिनांची असते, इंजिनाची नव्हे. पकडीने रुळाचं तोंड पिनेवर हलकेच आवळा. तरी फरक राहिला तर दर सहा-आठ फुटांवर जाड तारेची आणखी एक जोडी द्या. मधल्या रुळाखालच्या कागदी पॅकिंगपैकी एक जरी पडलं असेल तर सगळा मार्ग शॉर्ट होतो. मांडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर मधला आणि बाहेरचा रूळ यांच्यात मल्टिमीटर लावून पाहा. गंज काढायला लोखंडी लोकर कदापि नको, तिचे बारीक धागे मॅग्नेट्रॅक्शनच्या चाकांना चिकटून थेट मोटरमध्ये जातात. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि अल्कोहोल पुरे.

दुधाचा डबा संचात असेल तर तो वेगळा तपासा. त्याला पाच पट्ट्यांचा खास रूळ लागतो. बटण दाबलं की दार उघडून पांढऱ्या कपड्यातला माणूस कॅन बाहेरच्या फलाटावर ढकलतो. बटण टक्‌ करून सोडायचं. मुलं दाबून धरतात आणि कॉइल जळते. कॅनच्या घसरगुंडीला तेल लावणारे महाभागही आहेत. कॅन त्यात चिकटतात, तिथे कोरडं कापडच हवं.

भारतात घेऊन जाणार असाल तर दोन अडचणी. पहिली, १०३३ हा ११५ व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा आहे. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ असल्याने ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लावला तरी गाभा चुंबकाने भरून ट्रान्सफॉर्मर तापतो. हिशेब सोपा: ११५ ला ६० ने भागून ५० ने गुणलं की ९६ येतात. म्हणून त्याच्या जवळचा, जपानी उपकरणांसाठी मिळणारा १०० व्होल्टचा स्टेप-डाउन घ्या, किमान २०० वॉटचा. रुळांवर १६ ऐवजी १४ च्या आसपास व्होल्ट मिळतील, एका इंजिनाला पुरेसे. डीसी पुरवठ्यावर चालवण्याचा विचार असेल तर मोटर आनंदाने चालेल, पण शिट्टीचा रिले डीसीलाच ओढला जातो, तेव्हा गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोंबलत राहील. टेंडरची वायर सोडावी लागेल. दुसरी अडचण मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याची. हे रूळ पत्र्याचे आहेत, मे महिन्यात शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवून सिलिका जेलसह डब्यात बंद करा आणि दिवाळीला अल्कोहोलने पुसून मग मांडा.

लहान मुलांसाठी ही गाडी आहे का? पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. चिमणी तापते, जुन्या रंगात आणि डागात शिसं असू शकतं. त्या वयाला कंपनीचा आजचा रिमोटवाला संच बरा, जरी त्यातला सर्किट बोर्ड गेला की दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदलणं एवढंच उरतं. दहा-बारा वर्षांचं मूल आणि सोबत स्क्रू ड्रायव्हर धरणारं मोठं माणूस असेल तर २०३७ ला तोड नाही.

एक इशारा गुलाबी इंजिनाचा. १९५७ मध्ये कंपनीने मुलींसाठी म्हणून याच २०३७ ला गुलाबी रंग देऊन फिक्या निळ्या, पिवळ्या, जांभळ्या डब्यांचा संच काढला. मुलींना खऱ्यासारखी काळीच गाडी हवी होती, संच पडून राहिला, आणि त्यामुळेच आज संग्राहकांत त्याला जबर भाव आहे. कोवेन गिऱ्हाईक ओळखण्यात क्वचित चुकायचा, पण इथे कंपनी सपशेल चुकली. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याने आपला हिस्सा विकला. बाजारात फिरणाऱ्या गुलाबी इंजिनांत साध्या काळ्या २०३७ ला रंगवून तयार केलेली कितीतरी आहेत. केबिनच्या आतून आणि कवचाच्या स्क्रूच्या छिद्रांच्या कडेला बॅटरीच्या उजेडात पाहा. गुलाबीखाली काळा डोकावला तर काळ्याचेच पैसे द्या.